पाण्यामागून सायकल

"मावशी, पायडल मारायचंच नाहीये. नुसतं बसायचं आणि ब्रेक धरायचा," असं म्हणत भाचीनं माझं नाव त्या सहलीत घालून टाकलं. जाहिरातीतही तसंच होतं. बालीतल्या किंतामणीच्या डोंगरावर गाडीनं नेणार, तिथून उबुडच्या अंगाला २५ किलोमीटर सायकल, जवळजवळ सगळा उतार, नाश्ता-जेवणासकट माणशी ५,५०,००० रुपिया. साडेपाच लाख वाचून आधी पोटात गोळाच आला. मग हिशोब केला. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण १८० ते १९० मिळतात, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. गोळा विरघळला.

सायकल सुटून मला पंचवीस वर्षं झाली. त्याआधीची ओळख मात्र जुनी. वडिलांच्या काळ्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकलेली मी. गुडघे फोडून शिकलेलं माणूस विसरत नाही म्हणतात. गुडघे विसरत नाहीत हे खरं, बाकीच्या शरीराची खात्री नव्हती.

डिसेंबरचा पहिला आठवडा. बालीत येऊन चार दिवस झाले होते आणि शेती आम्ही फक्त पडद्यासारखी पाहिली होती. तेगलालांगला भाताच्या खाचरांसमोर उंच झोपाळे बांधलेत. त्यावर बसायचं, लांब लाल झगा मागे उडवायचा, फोटो काढायचा आणि खाली उतरायचं. झगा भाड्यानं मिळतो. खाचरात एक आजोबा वाकून काहीतरी उपटत होते, ते फोटोत येऊ नयेत म्हणून एक मुलगी थांबून राहिली होती. भाची म्हणाली, "उद्या आपण शेतातून जाणार आहोत." आतून शेत बघायचं तर ठीक, असं मनाशी म्हणत मी गुडघ्यांना तेल लावलं.

पहाटे न्यायला आलेल्या गाडीच्या टपावर दहा-बारा सायकली चाकं वर करून बांधलेल्या होत्या. वाटाड्याला नाव विचारलं तर म्हणाला, "घरातला तिसरा." बालीत नाव बहुधा जन्माच्या क्रमावरून ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवा झाला की पुन्हा वायान. यांना पर्यायी नावंही आहेत, पण गल्लीत उभं राहून यातलं एक हाकारलं तर चार माणसं वळून बघणार हे नक्की. "तुम्ही मला ब्ली म्हणा," तो म्हणाला. ब्ली म्हणजे दादा. तो मला इबू म्हणू लागला, म्हणजे आई किंवा बाई, जे सोयीचं असेल ते.

किंतामणीच्या कड्यावर पेनेलोकन नावाची जागा आहे. नावाचाच अर्थ बघण्याची जागा. समोर प्रचंड खोलगट परात असावी तसं जुन्या ज्वालामुखीचं तोंड, त्याच्या आत १,७१७ मीटरचा बातुर, काळ्या लाव्ह्याचे ओघळ अंगावर घेऊन बसलेला, आणि त्याच्या पायाशी बातुर तळं. तळलेली केळी आणि तळाशी भुकटी साचलेली काळी कॉफी घेऊन आम्ही कठड्याला टेकलो. मी नेहमीप्रमाणे विचारलं, की या तळ्यातून नदी कुठली निघते?

"एकही नाही," ब्ली म्हणाला. "आणि सगळ्याच."

तळ्याच्या पाण्याला उघड वाट नाही, ते जमिनीत झिरपतं. खाली उतारावर झऱ्यांच्या रूपानं जे उगवतं ते या तळ्याचंच, असं बालीतला शेतकरी मानतो. तळ्याची देवी देवी दानू. तिचं देऊळ, पुरा उलुन दानू बातुर, पूर्वी खाली तळ्याजवळ होतं. १९२६ च्या उद्रेकात बातुर गाव लाव्ह्याखाली गेलं, तेव्हा गाव आणि देव दोन्ही वर कड्यावर आले. खालच्या शेतकऱ्यांचे गट दर वर्षी तिथे नैवेद्य घेऊन चढतात आणि तिथून पाणी घेऊन उतरतात. त्या पाण्याला ते तीर्तं म्हणतात. भाचीनं माझ्याकडे बघितलं. भाषांतराची गरज नव्हती.

मग हेल्मेटं आली, सीट खालीवर झाली, आणि डोंगर पाठीवर घेऊन आम्ही सुटलो.

पहिली दहा मिनिटं मी काहीही पाहिलं नाही. डोळ्यांसमोर फक्त रस्त्याचा एक हात तुकडा आणि मुठीत ब्रेक. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात, हे मोठं नशीब. सावलीतल्या वळणांवर शेवाळ, त्यामुळे ब्रेक जोरात दाबायची सोय नाही आणि सोडायची हिंमत नाही. उतारावर दमतात ते पाय नव्हेत, तळहात. हे जाहिरातीत नव्हतं. पण मग कुठेतरी वारा कानात शिरला, मुठी सैलावल्या, आणि बारा वर्षांची असताना शाळेच्या टेकाडावरून उतरताना तोंडातून जो आवाज निघायचा तोच निघाला. मागून भाची ओरडली, "मावशी, हळू!"

गावं एकामागून एक. प्रत्येक घराला दगडी कमान, प्रत्येक कमानीतून दिसणारी आडवी भिंत. रस्त्याच्या कडेला बांबूच्या टोपलीखाली झाकलेले झुंजीचे कोंबडे, रहदारी बघत. फाटकाशी कुत्री, ज्यांना सायकलबद्दल खास राग. बालीत २००८ पासून रेबीज आहे हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलेलं, त्यामुळे कुत्रं दिसलं की माझे दोन्ही पाय आपोआप हँडलच्या उंचीला. शाळा सुटलेली पोरं ओळीनं हात पुढे करून उभी, टाळी द्यायची आणि पुढे जायचं. एकानं टाळीच्या आधी हातावर काहीतरी चिकट लावलं होतं. ते काय होतं हे मी अजून शोधतेय.

दोन्ही बाजूंना वाकलेले उंच बांबू होते, सुकलेले. गालुंगान होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. दर २१० दिवसांनी येणाऱ्या या सणाला दारापुढे पेंजोर उभारतात. शेंड्याशी वाकलेला बांबू, त्याला झावळ्यांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं, नारळ. मराठी डोळ्यांना गुढी आठवतेच. मात्र गुढीशी खरं नातं दुसऱ्याच सणाचं आहे. यांचं नवं वर्ष न्येपी, आणि ते मोजतात शक. आपण पंचांगात शके १९४७ लिहीत होतो तेव्हा यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही १९४७ च होतं. २०२५ मध्ये यांचा न्येपी २९ मार्चला आला, आपला पाडवा ३० ला. आपण त्या दिवशी ढोल-ताशे बडवतो. हे दिवसभर दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा बंद ठेवतात. एकच आकडा दोन गावांना किती वेगळा पचतो.

वाटेत जागोजागी जमिनीवर ठेवलेली चानांग सारी. कोवळ्या झावळीची तळहाताएवढी चौकोनी परडी, आत विड्याचं काहीबाही आणि दिशेप्रमाणे रंगांची फुलं. पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं. मी प्रत्येकीला वळसा घालत होते आणि त्या नादात दोनदा गटाराच्या काठाशी गेले. ब्ली म्हणाला, "उदबत्ती विझली असेल तर चाकाखाली आलं तरी चालतं, इबू. धूर वर पोचला, आता ती नुसती झावळी." इतका सुटसुटीत हिशोब मला आवडला. तरी वळसा घालणं काही सुटलं नाही.

कॉफीचा थांबा मी थोडक्यात आटोपते, कारण तिथे माझं डोकं फिरलं. अशा बहुतेक सहलींत तो असतोच. उदमांजरानं फळं खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची कॉफी, कोपी लुवाक. मूळ गोष्ट अशी की रात्री हिंडणारं हे जनावर मळ्यातली पिकलेली फळं निवडून खातं आणि माणूस सकाळी त्याच्या मागे फिरून बिया वेचतो. आता जनावर पिंजऱ्यात, फळं त्याच्या पुढ्यात, आणि पाहुणे पिंजऱ्यापुढे. भर दुपारी, जी त्याच्या झोपेची वेळ, ते बिचारं तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होतं. कपाचे ५०,००० रुपिया. मी आल्याचा चहा प्यायले. किंतामणीची साधी अरेबिका याहून चांगली लागते, तिला २००८ मध्ये इंडोनेशियातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांत वाढते म्हणून चवीला किंचित आंबूस. तिच्यात कुणाच्या आतड्याचा हात नाही.

त्यानंतर एक घर दाखवायचं होतं. "खरं बालीनीज घर," असं छापील कागदावर. मला याची धास्ती होती. उद्या वीस परक्या माणसांनी हेल्मेट घालून माझ्या ओट्याशी येऊन माझ्या कढया बघितल्या तर? पण ब्ली आम्हाला फाटकातून आत नेताना म्हणाला, "हे माझ्या काकांचं," आणि एका वाक्यात माझी पंचाईत दुप्पट केली.

कमानीमागची ती आडवी भिंत म्हणजे आलिंग-आलिंग. भुताखेतांना वळता येत नाही, सरळ येतात आणि आपटतात. आत एकच मोठं घर नसून अंगणात सुटे सुटे मंडप. ईशान्य कोपऱ्यात घरचं देऊळ, वडिलधाऱ्यांची खोली उत्तरेला, स्वयंपाकघर दक्षिणेला. वास्तुशास्त्रवाल्या आत्याची मला आठवण आली, पण इथे उत्तर-दक्षिण हे मूळ नाहीच. मूळ आहे काजा आणि केलोद. काजा म्हणजे डोंगराकडे, केलोद म्हणजे समुद्राकडे. बेटाच्या दक्षिण भागात काजा उत्तरेला येतं. डोंगर ओलांडून उत्तरेच्या बुलेलेंगच्या किनाऱ्याला गेलात, की तेच काजा दक्षिणेला जातं. होकायंत्र नाही, उतार दिशा ठरवतो. आपल्याकडे वरची आळी-खालची आळी असते, घाटावरचे आणि तळकोकणातले असतात, तसंच. फक्त इथे माणूस झोपताना डोकं कुठे करायचं तेही त्याच उतारावर ठरवतो. काकू आतून पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या आणि ब्लीला काहीतरी म्हणाल्या. त्यात मला 'काजा' ऐकू आलं. खोका काजाकडच्या बाकावर ठेव, इतकंच होतं ते.

मुख्य खोलीच्या दाराबाहेर दोन्ही अंगांना जमिनीत गोटे रोवलेले दिसले, वर फुलं. ब्ली म्हणाला, मूल जन्मलं की त्याची वार नारळात घालून इथे पुरतात, मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे. मग उजवीकडच्या एका दगडाकडे बोट करून म्हणाला, "हा मी."

नाळ पुरली आहे, असं आपण म्हणतो. मी तो वाक्प्रचार पन्नास वेळा लिहिला असेन. ज्या माणसाची पुरली आहे तो शेजारी उभा राहून जागा दाखवतोय, असं कधी झालं नव्हतं.

घराच्या मागून एक पाऊलवाट थेट खाचरांत उतरत होती. इथून पुढे डांबर संपलं. एका हाताला भात, दुसऱ्या हाताला पाट, मध्ये दीड फुटांचा सिमेंटचा काठ आणि त्यावर सायकल. लावणी चालू होती. काही खाचरांत नुसतं आभाळ साचलेलं, काहींत पोपटी आवणाच्या ओळी. वरच्या कापलेल्या शेतात बदकांचा कळप काठीवरच्या फडक्याच्या मागेमागे शिस्तीत चालला होता. शेतभर दोऱ्या, दोऱ्यांना डबे आणि चिंध्या, आणि एका टोकाला छपराखाली बसून ती दोरी मधूनच ओढणारी म्हातारी.

एका ठिकाणी ब्लीनं सगळ्यांना थांबवलं. पाटात आडवा टाकलेला नारळाचा ओंडका, त्यात दोन खाचा कोरलेल्या. एक रुंद, एक अरुंद. पाणी दोन्हींतून पडत होतं, दोन वेगळ्या आवाजांत. "पाण्याचा वाटा असा मोजतात," तो म्हणाला. एका वाट्याला तेकतेक म्हणतात. ज्याच्याकडे जितकी जमीन तितकी खाच रुंद. कुलूप नाही, मीटर नाही. बाजूला छपरी घातलेलं कमरेएवढं देऊळ, त्यावर सकाळचं चानांग.

ही सगळी व्यवस्था म्हणजे सुबाक. एका उगमाचं पाणी वापरणारे पन्नासापासून चारशेपर्यंत शेतकरी, त्यांची सभा, त्यांचे लिखित नियम, त्यांचा निवडलेला प्रमुख पेकासेह. बेटावर असे साधारण १,२०० सुबाक. परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे जाते असं मानतात, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. हे सगळं मला आदल्या दिवशीच्या वाचनामुळे ठाऊक होतं. मात्र ओंडका बघितल्यावर जो प्रश्न पडला तो वाचताना पडला नव्हता. वरच्या माणसाला रात्री उठून आपली खाच दोन बोटं रुंद करण्यापासून कोण अडवतं?

कालव्याच्या भागात ज्याची थोडी जमीन आहे त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे कालव्याच्या तोंडाशी 'हेड'चा शेतकरी आणि शेवटाला 'टेल'चा शेतकरी असे दोन प्राणी आहेत. हेडचा ऊस लावतो, टेलचा निवेदन देतो. खानदेशातल्या फड पद्धतीत पाटकरी पाळीनं पाणी फिरवायचा, तिथेही गावकीचा धाक लागायचाच. मग इथे देवाचा धाक? ब्लीला विचारलं. तो म्हणाला, "देव आहेच. पण माझे वडील म्हणतात, तुडतुडा देवापेक्षा जवळ राहतो."

याची उकल मला नंतर नीट समजली. शेजारपाजारच्या सगळ्या सुबाकांनी एकाच सुमारास लावणी केली आणि एकाच सुमारास कापणी करून शेतं पाण्याखाली रिकामी ठेवली, तर किडीला खायला आणि लपायला जागा उरत नाही. ती उपाशी मरते. हे साधायचं तर खालच्या शेतकऱ्याला वरच्याबरोबर पाणी मिळायला हवं. नाही दिलं, तर त्याची लावणी मागे पडते, त्याच्या हिरव्या शेतात कीड तग धरते आणि पुढच्या हंगामात चढून वर येते. खालच्याचं पाणी तोडलं की त्याचे पैसे वरचा किडीत भरतो. कोणी कधी लावायचं हे ठरतं पाण्याच्या देवळांत, झऱ्यावरच्या लहान देवळापासून वर पार त्या बातुरच्या कड्यापर्यंत.

१९७० च्या दशकात सरकारला हे वेळापत्रक म्हणजे भाबडेपणा वाटला. लवकर येणारी नवी वाणं आली, खतं-औषधं उधारीवर आली, आणि फर्मान निघालं की ज्याला जमेल त्यानं जमेल तितक्यांदा पीक घ्यावं. ब्लीचे वडील तेव्हा विशीत होते. पहिली दोन वर्षं कणग्या भरल्या, मग तपकिरी तुडतुडे आले, टुंग्रो रोग आला, पाण्यावरून डोकी फुटली. जे. स्टीफन लॅन्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं याच सुमारास या देवळांचा अभ्यास केला आणि जेम्स क्रेमर या परिसंस्थेच्या अभ्यासकाबरोबर दोन नद्यांच्या खोऱ्यांचं गणित संगणकात मांडलं. प्रत्येकानं आपापलं लावलं तर काय, सगळ्यांनी एकदम लावलं तर काय, देवळांच्या गटांप्रमाणे लावलं तर काय. सर्वांत चांगलं उत्पन्न देवळांच्या वेळापत्रकाच्या जवळपासच आलं. पुजाऱ्यांनी आकडेमोड केली नव्हती. हजारभर वर्षं शेजाऱ्याच्या बांधाकडे बघून लोक शिकत गेले होते.

मी हे ऐकत, मान डोलवत, एका हातानं पाण्याची बाटली तोंडाला लावून पुन्हा निघाले आणि वीस पावलांवर पडले.

पाटात पडले असते तर बरं होतं. पडले खाचरात, नव्या लावणीत, सायकलसकट. चिखल कोपरापर्यंत, तोंडात मातीची चव, कानांत भाचीचं हसू. लागलं काहीच नाही. पण उठून बघते तर माझ्या आकाराचा एक पट्टा आवणाचा चिखलात गाडला गेलेला. शेजारच्या ओळीत लावणी करणारी बाई कंबर सरळ करून उभी राहिली. साठीची असावी. तिनं माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. चांगलं अर्धा मिनिट बोलली. मग ब्ली माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या म्हणतात, काही हरकत नाही."

इतक्या लांब मूळपाठाचं इतकं आखूड भाषांतर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मी पाकीट काढलं, चिखलाच्या बोटांनी एक लाखाची नोट. बाईनं ती बघितलीच नाही. ती खाली वाकली, माझ्या पट्ट्यातली रोपं एकेक उपटून, हलवून, पुन्हा खोचू लागली. मीही वाकले. भात लावायला मला येतं, आजोळी लावलेलं आहे. अंगठा आणि दोन बोटं, खोल नाही, सरळही नाही. चार-पाच चूड लावल्यावर तिनं माझ्या हाताकडे एकदा बघितलं आणि स्वतःच्या मुठीतली निम्मी रोपं माझ्या हातात दिली. बाकीचे पर्यटक बांधावर उभे राहून आमचे फोटो काढत होते. काल झोपाळ्यापुढच्या आजोबांना जे फोटोतून वगळत होते, ते आज मला त्यात घेत होते. पट्टा भरला. "सुक्समा," मी म्हणाले, म्हणजे धन्यवाद, मला येत असलेला एकच शब्द. तिनं मान हलवली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

जेवायला बसल्यावर मी ब्लीच्या मागे लागले. खरं काय म्हणाली ती? तो बराच वेळ भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "त्या म्हणाल्या, सरकारनं एवढा चांगला रस्ता बांधलाय, तर ही माणसं पैसे देऊन जिथे रस्ता नाही तिथून का जातात?"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच्याकडेही नसावं, कारण त्यानं विषय बदलून स्वतःच्या शेताचा काढला. वडिलांची ३० आर. बालीत जमीन आरमध्ये मोजतात, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, शंभर चौरस मीटर, आपल्या गुंठ्याला जवळजवळ जुळा. तिघा भावांत कुणी शेती करत नाही. थोरला हॉटेलात, मधला जहाजावर, हा सायकलीवर. वरच्या अंगाच्या शेजाऱ्यानं १२ आर तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली, परदेशी माणसाला इथे मालकी हक्क मिळत नाही म्हणून पट्टा. तिथे बंगला झाला, तलाव झाला पोहायचा. पाट बंगल्याच्या भिंतीखालून नळातून येतो. पावसाळ्यात ठीक, कोरड्या दिवसांत नळात पालापाचोळा अडकला की काढायला मालक जागेवर नसतो. "वडील टेलला आले," मी म्हणाले. शब्द समजावून सांगावा लागला. समजल्यावर त्यानं तो दोनदा उच्चारून बघितला.

आणि तरी त्याच वडिलांच्या औषधांचे पैसे आमच्यासारख्यांच्या साडेपाच लाखांतून जातात. हे त्यानंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मी सकाळी त्याच तळ्यापासून त्याच उतारानं खाली आले होते, ज्यानं पाणी येतं. फरक इतकाच की मी कुणाच्याही शेतात मुरले नाही. एक पट्टा सोडला तर.

परदेशी माणूस सायकलवरून या शेतांत पडायला आला, हे काही नवीन नाही. उत्तर किनाऱ्याला कुबुतांबाहानमध्ये मेदुवे कारांग नावाचं देऊळ आहे, कोरडवाहू पिकांच्या रक्षणाचं. त्याच्या भिंतीवर दगडात कोरलेला एक गोरा सायकलस्वार आहे. डब्ल्यू. ओ. जे. न्यूवेनकाम्प नावाचा डच चित्रकार १९०४ मध्ये सायकलवर बेट हिंडला, हा तोच असं सांगतात. कोरणाऱ्यानं सायकल बघितली आणि मागचं चाक केलं कमळाचं. पाकळ्यापाकळ्यांचं. ब्लीनं त्याचा फोटो फोनमध्ये ठेवलाय, प्रत्येक गटाला दाखवतो. "आमच्या धंद्याचा देव," म्हणतो. भाचीनं विचारलं, त्या बाईला आपल्याला कोरायला सांगितलं तर कसं कोरेल? "इबूंना आडवं," तो म्हणाला.

निघताना पावसाची सर आली. उरलेले दोन किलोमीटर सायकलनं करायचे होते, ते रद्द झाले. पोरांनी सायकली धुतल्या, माझीवरचा चिखल जरा जास्त वेळ, आणि टपावर चाकं वर करून बांधल्या. उद्याच्या गटासाठी त्या आजच वर जाणार होत्या. दुसरी गाडी आम्हाला उबुडला सोडणार होती. तिच्या डॅशबोर्डवर उदबत्तीची राख सांडलेलं एक चानांग होतं.

फाट्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. आमची केलोदला वळली. मागच्या काचेतून मी बघत राहिले. सायकलींची गाडी काजाकडे चढत होती, आणि टपावरची दहा-बारा चाकं वाऱ्यानं गरगरत होती, कुणी न बसता.